अण्णासाहेब कर्वे : पुनर्विवाहापासून समतेपर्यंत

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव निघाले की हिंगण्याची झोपडी आणि स्त्रियांचे विद्यापीठ डोळ्यांसमोर येते. परंतु अण्णासाहेबांच्या कार्याचा आरंभ शिक्षणाने झाला नव्हता, विवाहाने झाला होता. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई निवर्तल्या. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असा निर्धार करून ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाई जोशी यांच्याशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या या बालविधवा पुढे आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, म्हणून ओळखल्या गेल्या. कोकणातील मुरुडने आपल्या या सुपुत्राला वाळीत टाकले.

त्याच वर्षी अण्णांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. पुनर्विवाह रूढ झाला की विधवांचे दुःख सरेल, अशी त्या काळच्या बहुतेक सुधारकांप्रमाणे त्यांचीही धारणा होती. अनुभव निराळा आला. असे विवाह हाताच्या बोटांवर मोजता येण्याजोगे. शिवाय प्रत्येक विधवेला लग्न हवेच असते असेही नव्हते, आणि ज्यांना हवे होते त्यांना तसे बोलण्याचे बळ नव्हते. १८९५ मध्ये संस्थेचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे झाले. हा केवळ शब्दांचा फरक नव्हे. लग्नाला उत्तेजन देण्याचा आग्रह मागे पडून, करू इच्छिणाऱ्यांच्या वाटेतील अडथळे दूर करण्यापुरता हेतू मर्यादित झाला.

पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, अनाथ बालिकाश्रम निघाला. विधवेला स्वतःच्या पायांवर उभे करावे, मग लग्नाचा निर्णय तिचा तिने घ्यावा, हा विचार आता पक्का झाला होता. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला हलला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन आटोपून अण्णा तेथे पायी जात. सनातनी पालकांनी मुली पाठवाव्यात म्हणून पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनी आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवला. ज्याने स्वतः विधवेशी विवाह केला त्याने असे करावे, हे काही सुधारकांना खटकले. तडजोड ती होतीच. पण तिच्यामुळे मुली शिकू लागल्या, हेही खरे.

या तडजोडीची दुसरी बाजू मात्र अधिक बोचरी आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या भगिनी जनाक्का यांना ब्राह्मणेतर असल्याच्या कारणाने आश्रमात जागा मिळू शकली नाही. लोकमत राखता राखता सुधारणेचेच दार अर्धे बंद राहिले. चरित्रकारांनी हा प्रसंग झाकण्याचे कारण नाही, कारण अण्णांच्या पुढील आयुष्याचा अर्थ त्यावाचून लागत नाही.

विधवांचा प्रश्न सर्व स्त्रियांच्या शिक्षणाशी निगडित आहे हे उमगल्यावर १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचनात आली आणि १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून, वयाच्या ५७ व्या वर्षी, अण्णांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते उभे राहिले. मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य. मात्र स्त्रियांचा अभ्यासक्रम पुरुषांहून वेगळा असावा हा त्यांचा आग्रह तेव्हाही अनेकांना पटला नव्हता, आणि आज तर तो जुनाच वाटतो. १९२० मध्ये ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीने विद्यापीठाला स्थैर्य आले.

येथे थांबले असते तरी कीर्तीला उणेपणा आला नसता. पण १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. आणि १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, समता संघ! जन्माने येणारी उच्चनीचता नष्ट करणे हे त्याचे ध्येय. जनाक्कांच्या वेळी जे जमले नव्हते ते उद्दिष्ट म्हणून लिहायला जवळजवळ अर्धशतक जावे लागले. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.