न खपलेल्या ऑस्टिन सेव्हनपासून : कॉलिन चॅपमन

उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागातून टॉटनहॅम लेन जाते. या रस्त्यावरील रेल्वे हॉटेल चालविणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव म्हणजे लोटस मोटारींचे जनक अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन. त्यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी रिचमंड येथे झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्यांनी संरचना अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. गणिताच्या परीक्षेने त्यांना एकदा हुलकावणी दिली आणि पदवी एक वर्ष उशिरा हाती आली. पूल आणि इमारती यांच्या आराखड्यांचा हा अभ्यासच त्यांच्या मोटारींचा खरा पाया ठरला. त्यांच्या कीर्तीच्या झगमगाटात ही गोष्ट सहसा झाकली जाते.

महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नव्या मोटारी बहुतांशी निर्यातीसाठी जात आणि देशात जुन्या गाड्यांना मोठी मागणी असे. विद्यार्थीदशेतच चॅपमन एका मित्राच्या साथीने जुन्या गाड्या घेऊन विकू लागले. धंदा बरा चालला होता. १९४७ च्या अखेरीस सरकारने खाजगी मोटारींचे पेट्रोलचे रेशन बंद केले आणि बाजार एका रात्रीत कोसळला. मिळविलेला नफा बुडाला व एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी पदरात उरली. तिला गिऱ्हाईकच मिळेना. विकली जात नाही तर सुधारावी, असा विचार त्यांनी केला. मझवेल हिलमध्ये त्यांच्या मैत्रिणीच्या, हेझल विल्यम्स यांच्या, आईवडिलांच्या घरामागे एक छोटे गॅरेज होते. तेथे काम सुरू झाले.

ऑस्टिन सेव्हन ही १९२२ पासून बनू लागलेली, ७४७ घनसेंटिमीटर इंजिनाची, ब्रिटिश मध्यमवर्गाला प्रथमच परवडलेली गाडी होती. स्वस्त आणि हलकी असली, तरी वळणावर ती भरवशाची नव्हती. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल आणि त्यावर आडवा कमानपाटा होता. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलत असे. मागे एका टोकाला अडकवलेले अर्धवट कमानपाटे होते. गाडी वळणावर झुकली की तेच मागच्या अ‍ॅक्सलला किंचित तिरके करीत आणि चालकाने न सांगता गाडी स्वतःच वळू लागे. धक्के शोषण्याचे काम घर्षणाच्या चकत्या करीत, त्यांचे बळ हवामान आणि झीज यांवर अवलंबून राही. चासी तर इतकी लवचीक, की ती स्वतःच एक स्प्रिंग होती.

अशा गाडीत थोड्या पैशांत काय बदलावे? त्या काळातील बहुतेक हौशी तरुण इंजिनाकडे वळत किंवा स्प्रिंगा कडक करीत. चॅपमन यांनी सांगाड्यापासून सुरुवात केली. सांगाडाच पिळत असेल तर सस्पेन्शनचे कोणतेही गणित खरे ठरत नाही, हे संरचनेच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नव्हते. त्यांनी चासीला बळकटी दिली आणि जुने जड शरीर काढून टाकून प्लायवुड व अ‍ॅल्युमिनियमचे नवे शरीर चढविले. हे शरीर नुसते आवरण नव्हते, तेही भार उचलीत असे. १९४८ मध्ये पुन्हा नोंदविताना त्यांनी गाडीला लोटस हे नाव दिले. त्यामागचे कारण त्यांनी कधी उघड केले नाही. या कमळाविषयीच्या आख्यायिका मात्र अनेक आहेत.

पुढच्या चाकांचा प्रश्न राहिलाच होता. नवे स्वतंत्र सस्पेन्शन बनवून घेणे खिशाला झेपणारे नव्हते. भंगारात सहज मिळणारा फोर्डचा अ‍ॅक्सल मधोमध कापायचा, दोन्ही तुकडे बिजागरीसारखे टांगायचे, म्हणजे प्रत्येक चाक आपापले वर-खाली होऊ शकते, हा उपाय होता. ही कल्पना चॅपमन यांची नव्हे. लेस्ली बॅलमी नावाचे अभियंते असे कापलेले अ‍ॅक्सल युद्धापूर्वीपासून विकत होते. या रचनेत चाक वर जाताना आत कलते, हा तिचा दोषही जगजाहीर होता. तथापि हलकी गाडी, कमी उंचीवर ठेवलेले वजन आणि नीट जुळविलेल्या गुंडाळीच्या स्प्रिंगा व शॉक अ‍ॅब्झॉर्बर यांच्या साहाय्याने त्यांनी त्या दोषाला आवर घातला.

१ जानेवारी १९५२ रोजी हेझल यांच्याकडून घेतलेल्या २५ पौंडांच्या उसन्या भांडवलावर लोटस इंजिनिअरिंग उभी राहिली. वडिलांच्या हॉटेलामागील तबेला हाच कारखाना होता. तेथून निघालेली लोटस सहा ही गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकली जाई. संचावर खरेदीकर लागत नसे, आणि ग्राहक आपल्या जुन्या फोर्डमधील इंजिन व अ‍ॅक्सल तिला जोडू शके. सुमारे शंभर गाड्या गेल्या. हेझल यांच्याशी १९५४ मध्ये विवाह झाला. त्यांच्याविना ही कंपनी उभी राहिली असती, असे मानणे कठीण आहे.

चॅपमन यांचा मूळ विचार थोडक्यात असा : स्प्रिंग मऊ असावी, तिला आवरणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर चोख असावा, आणि स्प्रिंगेच्या खाली लोंबणारे वजन, म्हणजे चाक, टायर, ब्रेक यांचे वजन, शक्य तितके कमी असावे. जड चाक एकदा उसळले की रस्त्यावर परतायला वेळ घेते आणि तेवढा वेळ टायरची पकड नसते. आज जुन्या गाडीला मोठी जड चाके आणि आखूड, दगडासारख्या स्प्रिंगा बसवून ती जमिनीला टेकविण्याची हौस सर्वत्र दिसते. गाडी देखणी होते, पण खडबडीत वळणावर ती पूर्वीपेक्षा वाईट चालते.

१९५७ च्या लोटस बारा या गाडीसाठी मॅग्नेशियमची ओतीव चाके तयार झाली. त्यांत आऱ्यांऐवजी लाटांसारखी वळणे घेणारी एकच पातळ चकती होती. सपाट पत्रा सहज वाकतो, तोच नागमोडी केला की ताठ होतो. पन्हाळी पत्र्याचे छप्पर पाहिलेल्यास हे निराळे समजावून सांगायला नको. त्याच गाडीत मागील चाकांना शक्ती पोहोचविणारी दांडी हीच सस्पेन्शनचा एक दुवा म्हणूनही वापरली होती. एका भागाकडून दोन कामे घ्यायची, म्हणजे एक भाग वाचतो, त्याचे वजन वाचते आणि पैसेही. १९६२ च्या इलान या रस्त्यावरील गाडीत हाच विचार मऊ स्प्रिंगांसह उतरला. तिच्या पुढच्या चाकांचे भाग ट्रायम्फच्या सामान्य कौटुंबिक गाडीच्या भागांवर बेतलेले होते.

परंतु वजन कमी करण्याला सीमा असते आणि ती चॅपमन यांनी ओलांडली, असे त्यांच्या चालकांतही बोलले जाई. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. १९६८ मध्ये हॉकेनहाइम येथे जिम क्लार्क गेले. मागचा टायर हवा सोडून बसला असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्या चालकाने १९६३ व १९६५ ची विश्वविजेतेपदे मिळवून दिली, त्याच्या मृत्यूने चॅपमन खचले. लोटस ७२ मध्ये चाकांवरील वजन घटविण्यासाठी पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या अंगात नेले होते आणि ते एका दांडीने चाकांना जोडले होते. सप्टेंबर १९७० मध्ये मॉन्झा येथे योखेन रिंट यांचा अपघात झाला, तेव्हा ती दांडी तुटल्याकडे बोट दाखविले गेले. रस्त्याकडेचा कठडाही नीट बसविलेला नव्हता. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद रिंट यांना मरणोत्तर मिळाले. मझवेल हिलच्या गॅरेजात ज्या तत्त्वाने एक स्वस्त गाडी सुधारली, त्याच तत्त्वाच्या दुसऱ्या टोकाला ही दांडी होती.

त्यांच्या हयातीत लोटसने सात वेळा निर्मात्यांचे विश्वविजेतेपद जिंकले. अखेरच्या काळात डिलोरियन मोटारीच्या प्रकल्पातील बेपत्ता पैशांच्या प्रकरणाची सावली त्यांच्यावर पडली. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या प्रकरणात पुढे त्यांच्या आर्थिक सहकाऱ्याला शिक्षा झाली.

मूळची ऑस्टिन सेव्हन चॅपमन यांनी १९५० मध्ये जाहिरात देऊन विकली. या खेपेस तिला गिऱ्हाईक मिळाले. ती उत्तर इंग्लंडकडे गेली असे म्हणतात. लोटसच्या सत्तराव्या वर्षी तिचा जाहीर शोधही घेण्यात आला.