कवट्यांनी दिलेले उत्तर

मराठी वाचकांना इरावती कर्वे ठाऊक आहेत त्या 'युगान्त'मुळे. महाभारतातील माणसांकडे पाहण्याची नवी दृष्टी देणाऱ्या या लेखिकेची डॉक्टरेट मात्र साहित्यातली नव्हती. ती मिळाली बर्लिनमध्ये, माणसाच्या कवट्या मोजून.

इरावतीबाईंचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षणासाठी त्यांना पुण्याच्या हुजूरपागेत पाठवण्यात आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन 1926 मध्ये बी.ए. केले. त्यानंतर मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्या समाजशास्त्राकडे वळल्या आणि 1928 मध्ये एम.ए. झाल्या. विषय होता चित्पावन ब्राह्मण समाजाचा अभ्यास.

आता पुढे काय, हा प्रश्न होता. घुर्यांकडेच तोच विषय पुढे नेणे सोपे होते. पण माणसांचे गट कसे बनतात, त्यांच्यातले फरक शरीराचे किती आणि समाजाचे किती, हे नुसत्या ग्रंथांतून कळणारे नव्हते. त्यासाठी शरीराचे शास्त्र शिकायला हवे होते आणि त्या काळी मानववंशशास्त्राचे मोठे केंद्र जर्मनीत होते. पती दिनकर कर्वे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते आणि पत्नीने जावे असे त्यांना मनापासून वाटत होते. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा मात्र विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसालाही घरातली सून शिकायला परदेशी जाते, हे पटेना. शेवटी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन 1928 मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

तिथे मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठीची कैसर विल्हेल्म संस्था नुकतीच, 1927 मध्ये सुरू झाली होती. संचालक होते ऑयगेन फिशर. वंशभेदावर ठाम विश्वास असलेले आणि त्या क्षेत्रात मोठा दबदबा असलेले हे शास्त्रज्ञ इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले. त्यांनी दिलेला विषय होता मानवी कवटीची असममिती, म्हणजे कवटीच्या उजव्या आणि डाव्या बाजूंमधला फरक.

विषय वरवर साधा दिसतो. कोणाचीही कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. पण फिशर यांच्या डोक्यात त्यामागे एक गृहीतक होते. युरोपीय लोकांच्या कवटीत ही असममिती अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी आहे, असे त्यांना वाटत होते. विद्यार्थिनीने मोजमापे घ्यावीत आणि हे दाखवून द्यावे, अशी अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, तशाच वसाहतींतून आणलेल्याही होत्या. प्रत्येक कवटीच्या दोन्ही बाजूंवर ठरावीक बिंदू धरून अंतरे घ्यायची, फरक काढायचा आणि मग गटागटांची तुलना करायची, असे हे चिकाटीचे काम. निष्कर्ष स्पष्ट निघाला. असममिती सगळ्यांतच होती, पण तिचा वंशाशी संबंध लागत नव्हता.

आता खरी कसोटी होती. घरच्यांचा विरोध पत्करून, कर्ज काढून आलेली परक्या देशातली विद्यार्थिनी आणि पदवीची दोरी ज्यांच्या हाती तेच मार्गदर्शक. आकडे थोडे झुकवणे किंवा निष्कर्ष मोघम ठेवणे अवघड नव्हते. इरावतीबाईंनी जे मोजले तेच लिहिले. प्रबंध मार्गदर्शकांच्या मताविरुद्ध गेला, तरी डॉक्टरेट मिळाली.

फिशर 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर, बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांची संस्था नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देत राहिली. आज मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांनी दाखवले आहे की मेंदूच्या दोन बाजूंतला थोडा फरक हे माणसाचे सर्वसाधारण लक्षण आहे. त्यावरून कोणत्याही समाजाची बुद्धी मापता येत नाही.

भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजपट्टी त्यांनी सोडली नाही; महाराष्ट्रातल्या अनेक जातीजमातींच्या शरीराची मोजमापे त्यांनी घेतली. पण त्यांचे सर्वांत टिकाऊ काम नात्यांवरचे ठरले. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 मध्ये आला. त्यात संस्कृत ग्रंथ, बोलीभाषांतले नात्यांचे शब्द आणि गावोगाव हिंडून जमवलेली माहिती एकत्र आली. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, शरीरशास्त्र यांपैकी शिकलेले काहीच वाया गेले नाही. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली. 1970 मध्ये त्यांचे निधन झाले.

पीएचडीसाठी अर्ज करताना विद्यार्थी नामवंत संस्था, नामवंत मार्गदर्शक आणि चलती असलेला विषय शोधतात. इरावतीबाईंना हे तिन्ही मिळाले होते आणि तिन्हींत खोट होती. त्यांना तारले ते विषयाच्या नावाने नाही, तर प्रश्न स्वतः मोजून तपासण्याच्या सवयीने. शाखा निवडताना तिथे काय सिद्ध करायचे आहे यापेक्षा, उत्तर उलटे आले तर ते मांडता येईल का, हे आधी विचारून घेतलेले बरे.