गोलरेषेवरचा हिशेबनीस

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी माइन्त्स नावाचे शहर आहे. छपाईचा जनक गुटेनबर्ग याच गावचा, त्यामुळे छापील कागदाचे या गावाला वेड असावे यात नवल नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या एका वृत्तपत्राच्या इमारतीत दारावर एक माणूस नोकरीला होता. वय पन्नाशीच्या अलीकडे, पण दिसायला त्याहून मोठा. येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे जायचे ते सांगायचे, नोंद ठेवायची, एवढेच त्याचे काम. त्याच इमारतीत वीस वर्षांपूर्वीचे अंक कुणी काढून पाहिले असते, तर दारावरच्या या माणसाचे नाव सापडायला फार वेळ लागला नसता. ४ जुलै १९५४ रोजी जर्मनीने पहिल्यांदा फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, त्या अकरा जणांतला तो एक. वेर्नर कोलमायर. जागा लेफ्ट बॅक.

फुटबॉलमध्ये आपण नावे लक्षात ठेवतो ती गोल करणाऱ्यांची. फार तर गोलरक्षकाचे. बचाव करणाऱ्याचे काम घरातल्या आईसारखे असते. दूध उतू गेले तर सगळ्यांना दिसते, गेले नाही तर कुणालाच दिसत नाही. लेफ्ट बॅक म्हणजे मैदानाच्या डाव्या अंगाला, आपल्या गोलाच्या पुढ्यात पहारा देणारा. समोरच्या संघाचा उजव्या कडेने धावून येणारा खेळाडू त्याच्या वाट्याचा. त्याने दिवसभरात काय केले याचे उत्तर बहुधा एकच असते: काही होऊ दिले नाही. आणि न झालेल्या गोष्टी कुठल्याच वहीत लिहिल्या जात नाहीत.

कोलमायर जन्मला १९ एप्रिल १९२४ रोजी, कायझर्सलाउटर्न या गावात. हे गाव जर्मनीच्या नैर्ऋत्येला, फ्रान्सच्या सरहद्दीपासून फार लांब नाही. १९४१ साली, सतराव्या वर्षी, तो गावच्या क्लबात दाखल झाला. ते साल लक्षात घेतले की पुढची चार वर्षे त्या पिढीची कशी गेली असतील ते वेगळे सांगायला नको. युद्ध संपले तेव्हा हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात होता. घरे पडलेली, खायची वानवा, आणि अशा गावात टेकडीवरच्या मैदानात एक फुटबॉल संघ उभा राहिला. त्याचा नायक फ्रिट्झ वाल्टर. त्याचा धाकटा भाऊ ऑटमार, मग वेर्नर लीब्रिख, पोरसवदा होर्स्ट एकेल आणि आपला कोलमायर. या संघाने १९५१ आणि १९५३ साली जर्मनीचे अजिंक्यपद मिळवले. मुंबई-पुण्याच्या संघांना कुणी सातारा-सांगलीच्या पोरांनी हरवावे, तसा हा प्रकार.

हे सगळे खेळाडू खेळावर जगत होते असे मात्र समजू नका. जर्मनीत तेव्हा खेळाडूला क्लबाकडून महिन्याला जास्तीत जास्त ३२० मार्क देता येत, आणि त्याने दुसरा काहीतरी कामधंदा करावा असा दंडक होता. कोलमायरचा धंदा पगाराचे हिशेब लिहिण्याचा. कोणाचे किती तास भरले, किती कापायचे, हातात किती द्यायचे, अशा रकान्यांत त्याचा आठवडा जायचा आणि रविवारी तो मैदानात उतरायचा. मी स्वतः तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे हा तपशील वाचला तेव्हा या माणसाशी माझे नाते जुळले. हिशेबनिसाची आणि बचावपटूची वृत्ती एकच असते. चूक होऊ द्यायची नाही, आणि झालीच तर ती आपल्याच सहीखाली निघते.

१९५४ चा विश्वचषक स्वित्झर्लंडमध्ये होता. आधीच्या, १९५० च्या स्पर्धेत जर्मनीला बोलावलेच नव्हते. यंदा बोलावले, पण अपेक्षा कुणाचीच नव्हती. प्रशिक्षक सेप हर्बर्गर हा बुटका, धूर्त म्हातारा. स्पर्धेच्या तोंडावर, मे महिन्यात, जर्मन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात कायझर्सलाउटर्नचा हॅनोव्हरकडून १-५ असा धुव्वा उडाला होता. तरीही हर्बर्गरने त्याच क्लबातले पाच जण उचलले. त्यावर बरीच टीका झाली, आणि दुसऱ्याच सामन्यात हंगेरीने जर्मनीला ८-३ असे धुतल्यावर ती दुप्पट झाली. हर्बर्गरने त्या दिवशी मुद्दाम राखीव खेळाडूंचा संघ उतरवला होता. पण त्या आठ गोलांच्या दिवशीही डाव्या बाजूला कोलमायर होताच.

मग २७ जूनला जिनिव्हात उपांत्यपूर्व सामना झाला, युगोस्लाव्हियाशी. माझ्या मते कोलमायरच्या आयुष्याचा खरा दिवस हा, अंतिम सामन्याचा नव्हे. दहा मिनिटांच्या आतबाहेर युगोस्लाव्हियाच्या होर्वातने चुकून चेंडू आपल्याच जाळ्यात मारला आणि जर्मनीला फुकटचा गोल मिळाला. त्यानंतर तासाभराहून अधिक काळ युगोस्लाव्हिया चढाई करत राहिली आणि जर्मनी मागे सरत राहिली. गोलरक्षक टुरेक चुकला, की मागे आणखी कुणी नाही. पण मागे कोलमायर होता. एकदा नव्हे, तीनदा त्याने चेंडू अगदी गोलरेषेवरून परतवला. रेषा म्हणजे चुन्याचा एक पट्टा. अलीकडे असेपर्यंत काही नाही, पूर्ण पलीकडे गेला की सामना बरोबरीत. शेवटची पाच मिनिटे उरली असताना रानने दुसरा गोल केला आणि जर्मनी २-० अशी जिंकली. धावफलकावर नावे दोन: होर्वात आणि रान. ज्याने तीन गोल होऊ दिले नाहीत, त्याच्यासाठी धावफलकात रकाना नसतो.

उपांत्य सामन्यात ऑस्ट्रिया ६-१ अशी कोसळली आणि अंतिम फेरीत पुन्हा हंगेरीच समोर आली. बर्नला पाऊस लागला होता. हंगेरी चार वर्षांत हरली नव्हती. सहाव्या मिनिटाला पुश्काशने गोल केला. आठव्या मिनिटाला जे घडले ते कोलमायरच्या खात्यावर आहे. त्याने चेंडू मागे, टुरेककडे दिला. दोघांचा अंदाज चुकला, ओला चेंडू टुरेकच्या हातून निसटला आणि चिबोरने तो मोकळ्या जाळ्यात सरकवला. ०-२. मला या प्रसंगाचे फार वाटते. आठवडाभरापूर्वी ज्याने तीनदा बुडते घर वाचवले, त्याच्या हातून जगासमोर अशी बालिश चूक व्हावी! तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. चूक पोटात घालून उरलेली ब्याऐंशी मिनिटे खेळणे एवढेच हाती होते.

पुढचे सर्वश्रुत आहे. मोरलॉकने एक फेडला, रानने बरोबरी साधली, अठरा मिनिटांत २-२. दुसऱ्या डावात हंगेरीने जर्मन गोलाला अक्षरशः वेढा घातला. त्यात एकदा टुरेक पुढे गेलेला असताना तोथने मारलेला चेंडू रिकाम्या गोलाकडे निघाला, आणि रेषेवर पुन्हा कोलमायर. उधारी त्याने त्याच दिवशी फेडली असे म्हणायला हरकत नाही. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला रानचा गोल झाला आणि जर्मनी ३-२ अशी विश्वविजेती ठरली. जर्मनीत या सामन्याला बर्नचा चमत्कार म्हणतात. युद्धानंतर मान खाली घालून जगणाऱ्या देशाने त्या संध्याकाळी मान वर केली, असे तिथले इतिहासकार लिहितात. खास गाडीने संघ परतला तेव्हा स्टेशनास्टेशनांवर गर्दी मावत नव्हती.

या गर्दीनंतरचे आयुष्य मात्र प्रत्येकाला एकट्याने काढावे लागले. फ्रिट्झ वाल्टरला ते जमले. त्याचा स्वभाव जपून राहण्याचा आणि नाव मोठे. एकेल पुढे शाळेत शिक्षक झाला. पण त्याच पाचांतल्या ऑटमार वाल्टरचा पेट्रोल पंप बुडीत गेला आणि १९६९ साली त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला, नगरपालिकेत नोकरीला लागला आणि म्हातारा होऊन २०१३ साली गेला.

कोलमायरला असा सांधा मिळाला नाही. १९५१ ते १९५५ या काळात तो जर्मनीसाठी बावीस सामने खेळला. १९५७ साली, तेहतिसाव्या वर्षी, त्याने कायझर्सलाउटर्न सोडले आणि शेजारच्या सारलँडमध्ये होम्बुर्ग, मग बेक्सबाख अशा लहान क्लबांकडून तो खेळला. मग खेळ संपला आणि बाटली राहिली. ती नेमकी कधी हाती आली हे शोधण्यात अर्थ नाही. विश्वविजेत्याला पेला पाजण्याचा मान ज्याला त्याला हवा असतो, आणि नाही म्हणायला शिकवणारा प्रशिक्षक मैदानाबाहेर नसतो. पैसा गेला. बायको मुलांना घेऊन निघून गेली. पगारपत्रके लिहिणारा माणूस बांधकामावर मजुरी करू लागला, म्हणजे ज्यांचे तास तो मोजायचा त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मग माइन्त्समधली ती दारावरची नोकरी.

आमच्या एका शाखेत खेळाडूंच्या जागेवर भरती झालेला एक कबड्डीपटू होता. गुडघा गेला, खेळ सुटला. हिशेबात तो कच्चाच होता आणि त्याच्या चुका आम्हीच निस्तरायचो. पण एक तारखेला पगार होत होता आणि निवृत्त झाला तेव्हा भविष्य निर्वाह निधीची रक्कम त्याच्या हाती पडली. आम्ही त्या वेळी त्याच्या नावाने कुरकुर केली होती, हे आज लिहिताना बरे वाटत नाही. कोलमायरच्या वेळच्या जर्मन फुटबॉलने खेळाडूला पूर्ण पगारी होऊ दिले नाही आणि खेळानंतरचीही काही तजवीज केली नाही. बुंडेसलीगा ही देशव्यापी व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली १९६३ साली. त्या पहिल्या वर्षीच्या सोळा क्लबांत कायझर्सलाउटर्न होता. कोलमायर तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता.

२६ मार्च १९७४ रोजी हृदय बंद पडून तो गेला. पन्नाशी गाठायला महिनाही उरला नव्हता. बर्नच्या अकरांतला जाणारा तो पहिला. शेवटचा, एकेल, गेला थेट २०२१ च्या डिसेंबरात.

त्याच वर्षीचा विश्वचषक जर्मनीतच होता. कोलमायरला जाऊन अडीच महिने झाले, आणि माइन्त्सपासून जवळच फ्रँकफर्टला स्पर्धेचे उद्घाटन झाले. त्याआधी मालेंटे गावच्या शिबिरात जर्मन खेळाडूंनी बक्षिसाच्या रकमेवरून रात्रभर हुज्जत घातली होती. विश्वचषक जिंकल्यास प्रत्येकी सत्तर हजार मार्क यावर अखेर तडजोड झाली. वर्तमानपत्रांनी खेळाडूंना लोभी ठरवले. मी तरी ठरवणार नाही. हुज्जत घालण्यात पुढे असलेल्यांत पाउल ब्राइटनर नावाचा दाट कुरळ्या केसांचा तरुण होता, त्याने तर घरी जाण्यासाठी बॅगही भरली होती. २६ जूनला, म्हणजे कोलमायर गेल्याला बरोबर तीन महिने झाले त्या दिवशी, ड्युसेलडॉर्फला जर्मनीची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. निकाल जिनिव्हासारखाच, २-०. पहिला गोल ब्राइटनरने लांबून मारला. त्याची जागा लेफ्ट बॅकची होती.