चूक कबूल करणारा रसायनशास्त्रज्ञ : लीबिग

वऱ्हाडात कापूस कोणाला ठाऊक नाही? अमरावती-अकोल्याचे बाजार त्यावरच नावारूपाला आले. पण या पांढऱ्या सोन्यात कोणती मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत, हे कसे कळले? अशा शोधाची वाट सोपी केली ती युस्टुस फोन लीबिग यांनी.

त्यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मस्टाट येथे झाला. वडील रंग व रसायनांचे व्यापारी. त्यामुळे प्रयोगांचा नाद घरातच लागला. पॅरिसला गे-ल्युसॅक यांच्या हाताखाली शिकून १८२४ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते गीसेन येथे प्राध्यापक झाले.

त्या काळी एका पदार्थाच्या पृथक्करणात कित्येक आठवडे जात. १८३१ मध्ये लीबिग यांनी पाच फुग्यांची एक काचनळी तयार केली. पदार्थ तोलून जाळायचा. निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइडमध्ये आणि कार्बन डायऑक्साइड नळीतल्या पोटॅशच्या द्रावणात अडकवायचा. वाढलेल्या वजनांवरून हायड्रोजन व कार्बन कळतो. उरतो तो ऑक्सिजन.

कापसातल्या शुद्ध सेल्युलोजचेच पाहा. शंभर ग्रॅममध्ये कार्बन ४४.४, हायड्रोजन ६.२ व ऑक्सिजन ४९.४ ग्रॅम. यांना अनुक्रमे १२, १ व १६ या अणुभारांनी भागले की अणूंचे सरळ प्रमाण मिळते, ६ : १० : ५. हेच त्याचे साधे सूत्र!

या नळीच्या आधीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लीबिग यांनी चांदीच्या एका स्फोटक संयुगाचे पृथक्करण केले होते. फ्रीड्रिख व्हलर यांच्या अगदी निराळ्या, स्फोट न होणाऱ्या संयुगाचेही प्रमाण तेच आले. लीबिग शीघ्रकोपी; व्हलर चुकले, असे त्यांनी जाहीर केले. पण पुन्हा प्रयोग केल्यावर चूक स्वतःची निघाली. ती त्यांनी मान्य केली आणि भांडणातून जन्मभराची मैत्री जडली. अणू तेच, पण जोडणी वेगळी, हे सत्य त्यातूनच पुढे आले; १८३० मध्ये बर्झेलियस यांनी त्याला नाव दिले.

पुढे लीबिग शेतीच्या रसायनाकडे वळले. पिकाने जमिनीतून नेलेली द्रव्ये जमिनीला परत द्यावीत, हे त्यांनी जगाला पटवले. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आपल्या ज्वारीच्या भाकरीतल्या स्टार्चचे साधे सूत्रही कापसाचेच आहे. एकाने अंग झाकते, दुसऱ्याने पोट भरते. तराजू खरे बोलतो, पण सगळे बोलत नाही. हे ओळखून स्वतःचा शब्द मागे घेण्याचे धैर्य लीबिग यांच्यापाशी होते.