जॉन स्मीटन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथ बंदरापासून सुमारे २२ किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, एडिस्टन नावाचे खडक आहेत. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली दडत आणि त्यांवर आदळून कितीतरी जहाजे फुटत. तेथे इ. स. १६९८ मध्ये पहिले दीपगृह उभे राहिले. परंतु १७०३ च्या भयंकर वादळात समुद्राने ते त्याच्या निर्मात्यासह गिळून टाकले. पुढे बांधलेले दीपगृह मुख्यतः लाकडाचे होते. ते १७५५ मध्ये अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. आता तिसरे दीपगृह बांधण्याचे अवघड काम जॉन स्मीटनकडे आले.

स्मीटनचा जन्म १७२४ मध्ये लीड्सजवळील ऑस्थॉर्प या गावी झाला. त्याचे वडील वकील होते. मुलानेही वकील व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. पण जॉनचे मन हत्यारांत आणि यंत्रांतच रमे. अखेर वडिलांच्या संमतीने त्याने शास्त्रीय उपकरणे बनविण्याचा व्यवसाय पत्करला.

एडिस्टनसाठी त्याने दगडी मनोरा योजिला. बुंध्याशी रुंद आणि वर निमुळता होत जाणारा ओक वृक्ष वादळातही अढळ राहतो, हे जाणून त्याने मनोऱ्याला तसाच आकार दिला. त्यामुळे इमारतीचा बहुतेक भार तळाशी राहिला. पायाचे दगड त्याने खडकातच पायऱ्या खोदून बसविले. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवावीत, त्याप्रमाणे प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या खाचेत अडकविला. एक दगड उपटावयाचा, तर लाटेला सारा थरच उचलावा लागला असता!

राहता राहिला चुना. साधा चुना पाण्यात घट्ट होत नाही. जितका दगड कठीण तितका त्याचा चुना चांगला, असा त्या काळी समज होता. स्मीटनने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. निरनिराळ्या चुन्यांचे गोळे करून त्याने ते पाण्यात ठेवले. तेव्हा ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो, तिचाच चुना पाण्याखालीही कठीण होतो, असे त्याला आढळून आले. या शोधाने पुढे सिमेंटचा मार्ग मोकळा केला.

१६ ऑक्टोबर १७५९ रोजी त्या मनोऱ्यावर २४ मेणबत्त्यांचा दीप उजळला. १७९२ मध्ये स्मीटन निवर्तला. परंतु त्याचे दीपगृह त्यानंतरही अनेक वर्षे खलाशांना वाट दाखवीत राहिले. कालांतराने लाटांनी मनोऱ्याखालचा खडकच पोखरला. म्हणून १८८२ मध्ये शेजारच्या खडकावर नवे दीपगृह उभारण्यात आले. जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग लोकांनी आदराने प्लिमथला नेऊन पुन्हा उभा केला. त्याचा बुंधा मात्र आजही त्याच खडकावर उभा आहे. खडक झिजला, बांधकाम हरले नाही!

मुलांनो, घर लहान असो वा मोठे, जमीन पारखावी, पाया दृढ करावा, सांधे घट्ट जुळवावेत आणि चुना-सिमेंटची परीक्षा आधी करावी. स्मीटनचा मनोरा हेच सांगत उभा आहे.