हिमस्खलनाच्या अभ्यासाला वाहिलेले जीवन : माँटगोमेरी ॲटवॉटर

बर्फाळ डोंगरउतारावरील हिमस्खलन हा एकेकाळी दैवाचा कोप मानला जात असे. रोजच्या काटेकोर मोजमापांवरून त्याच्या धोक्याचा अंदाज बांधण्याची पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्यांमध्ये माँटगोमेरी ॲटवॉटर हे अग्रणी होत.

ॲटवॉटर यांचा जन्म १९०४ मध्ये ओरेगॉन राज्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते लेखनाकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात सेवा बजावली. युद्ध संपल्यावर ते अमेरिकी वन खात्यातर्फे युटा राज्यातील आल्टा येथे रुजू झाले.

आल्टा हे मूळचे चांदीच्या खाणींचे गाव. १९ व्या शतकात तेथे हिमस्खलनांनी अनेकांचे बळी घेतले होते. पुढे त्याच अरुंद दरीत स्कीइंगचे केंद्र उभे राहिले. दरीतील रस्ता व उतार कधी बंद ठेवावेत, याचा विचार ॲटवॉटर यांना प्रत्येक हिमवादळात करावा लागे. अंदाज चुकला तर जीवितहानी अटळ होती. विनाकारण बंदी घातली तर इशाऱ्यांवरील विश्वास उडण्याची भीती होती.

त्यांनी हिमस्खलनास कारणीभूत ठरणारे दहा घटक निश्चित केले. जुन्या बर्फाची खोली व पृष्ठभाग. नव्या बर्फाची खोली, प्रकार व घनता. हिमवृष्टीचा वेग, त्यातील पाण्याचे प्रमाण, बर्फ दबण्याचे प्रमाण, वारा आणि तापमान, असे हे घटक होत. बर्फात खड्डा खणून थरांची पाहणी करणेही तितकेच महत्त्वाचे असते. तळाशी साखरेसारखा सुटा, भुसभुशीत थर असल्यास वरचा घट्ट थर एका माणसाच्या भारानेही निसटू शकतो. पृष्ठभाग पाहून हा धोका ओळखता येत नाही.

साचलेला बर्फ नियंत्रितपणे पाडण्यासाठी आल्टा येथे १९४९ मध्ये लष्करी तोफेचा वापर सुरू झाला. १९६० च्या कॅलिफोर्नियातील हिवाळी ऑलिंपिकमध्ये हिमस्खलन नियंत्रणाची जबाबदारी ॲटवॉटर यांच्याकडे होती. त्यांचे अनुभव १९६८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतात हिमालयातील जवान व प्रवाशांच्या सुरक्षेसाठी १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या नव्या संस्थेत विलीन करण्यात आली. उपग्रह आणि स्वयंचलित हवामान केंद्रांच्या काळातही बर्फाचे थर प्रत्यक्ष तपासण्याचे महत्त्व कमी झालेले नाही.