ऊती ओळखणारे डॉक्टर : डॉ. वसंत रामजी खानोलकर



गेल्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनात चौथीतल्या एका मुलानं आजोबांचं काम केलं. कमरेला घट्ट धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. स्टेजवर मांडी घालून बसला, चंची सोडल्यासारखं केलं, तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला, अंगठ्यानं मळली, वरून दोन थापा मारून भुकटी उडवली आणि चिमूट खालच्या ओठात सारली. सगळं खोटं खोटं, पण एकही गोष्ट चुकली नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. किल्लारीचं नाव काढलं की बाहेरचे लोक १९९३ च्या भूकंपाचं विचारतात. तंबाखूचं कोणी विचारत नाही, कारण ती काय सगळीकडंच आहे.

त्यानंतर काही दिवसांनी विज्ञानाच्या तासासाठी वाचताना डॉ. खानोलकर भेटले, आणि तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आला. का, ते पुढं सांगतो.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकीचं शिक्षण लंडनला झालं. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगानं शरीरात नेमका काय बदल केला, हे शोधणारं शास्त्र. आपण म्हणतो ना, गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय? तो तुकडा ज्यांच्या टेबलावर जातो, ते हे डॉक्टर. पेशंटला ते बहुतेक वेळा दिसतच नाहीत. परत आल्यावर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर शेठ जी.एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी हा विषय शिकवला. जी.एस. हे इंग्रजांच्या काळातलं, पण शिकवणारे भारतीयच असावेत या अटीवर उभं राहिलेलं कॉलेज.

आता जरा थांबून हे शिकणं म्हणजे काय असतं ते बघू, कारण त्याशिवाय खानोलकरांचं मोठेपण कळणार नाही.

आपल्या नववीच्या पुस्तकात प्राण्यांच्या ऊतींचे चार प्रकार आहेत : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. पुस्तकात चार स्वच्छ आकृत्या असतात, मुलं पाठ करतात, मार्क मिळतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला मात्र खरा तुकडा बघायचा असतो. तो तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, अल्कोहोलमधून काढून त्यातलं पाणी घालवतात, मेणात बसवतात आणि मग यंत्रावर त्याचे काप काढतात. काप किती पातळ? केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही पातळ. त्यावर दोन रंग चढवतात. हिमॅटॉक्सिलिन हा मुळात एका झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग, तो पेशीचं केंद्रक निळं-जांभळं करतो. दुसरा इओसिन, तो बाकीचं गुलाबी करतो.

पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला काय दिसतं? गुलाबी आणि जांभळं. बस्स. स्नायू कुठला नि संयोजी ऊती कुठली, काही कळत नाही, दोन्हीकडं गुलाबी तंतूच तंतू. मग सर सांगतात, केंद्रक कुठं आहे ते बघ. स्नायूत ते तंतूच्या आत असतं, घट्ट संयोजी ऊतीत ते तंतूंच्या मधल्या फटीत दबून बसलेलं असतं. शिवाय काप कसा गेला यावर रूप बदलतं. भेंडी आडवी चिरली की चांदणी दिसते, उभी चिरली की पट्ट्या. भेंडी तीच. ज्याला फक्त चांदणी पाठ आहे, तो उभी चिरलेली भेंडी ओळखणारच नाही. आपल्या वर्गातही असंच होतं की नाही? पायावर उभा केलेला त्रिकोण ओळखतात, उलटा काढला की मुलं गडबडतात.

म्हणून निरोगी ऊती शेकडो वेळा बघावी लागते, आडवी, तिरकी, जाड, पातळ. ती डोळ्यांत बसली की बिघाड आपोआप खुपतो. गालाच्या आतल्या अस्तराचंच घ्या. ते अभिस्तर ऊतीचं, सपाट पेशींचे थर एकावर एक. तंबाखू सतत लागत राहिली की तिथं कातडीसारखा राठपणा येऊ लागतो, पांढरा चट्टा दिसतो. थरांच्या खाली एक पातळ पडदा असतो. तो ओलांडून पेशी आत घुसू लागल्या की तो कर्करोग.

१९४१ मध्ये मुंबईला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं खानोलकरांकडं आली. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येत. १९४५ मध्ये बी. सूर्यबाई यांच्यासोबत त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात भारतातल्या तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांची नोंद होती, आणि तिन्ही माणसांच्या सवयींशी जोडलेले. पहिला कमरेवरचा : धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळल्यानं कातडी घासत राहते, तिथं होणारा. दुसरा टाळूचा : आंध्रच्या किनाऱ्याकडं चुट्टा नावाची विडी पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, त्यामुळं होणारा. तिसरा खालचा ओठ आणि हिरडी यांच्या खाचेतला : बिहारकडं खैनी म्हणजे तंबाखू-चुना मळून तिथं ठेवतात, त्यामुळं होणारा.

कमर, टाळू, ओठ. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळे प्रांत. पण गंमत बघा, तिन्ही ठिकाणी ऊती एकाच जातीची, थराथरांची अभिस्तर ऊती, आणि काचपट्टीवर रोगही एकाच जातीचा. म्हणजे सूक्ष्मदर्शक काय झालं ते सांगत होता. कमरेलाच का, टाळूलाच का, हे त्यात दिसणं शक्यच नव्हतं. त्यासाठी डोळा काढून माणसाकडं बघावं लागलं : तो नेसतो काय, ओढतो काय, चिमूट ठेवतो कुठं. नुसत्या काचपट्ट्या बघून अहवाल लिहिले असते तरी त्यांची नोकरी नीट चालली असती. त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही, म्हणून मला ते शिक्षकांचे शिक्षक वाटतात.

आणि आमचा तो छोटा आजोबा? त्याच्या सोंगात तीनपैकी दोन गोष्टी होत्या. धोतराचा कर्करोग तसा क्वचितच होणारा, त्यानं कोणी घाबरू नये. ओठातल्या चिमटीचं तसं नाही. बिहारची खैनी आणि आपल्या पारावरचा बार, यात नावाशिवाय फरक तो काय?

कुष्ठरोगातही त्यांनी हीच नजर वापरली. अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप बघताना त्यांचं लक्ष कातडीतल्या बारीक चेतातंतूंकडं गेलं, जंतू तिथं सापडत होते. चट्ट्यावर टाचणी टोचली तरी कळत का नाही, याचं उत्तर त्या तंतूंत होतं.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते संस्थापक संचालक. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पीएच.डी. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये केली होती. पुढं रणदिवे बाईंनी याच केंद्रात शरीराबाहेर ऊती वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, पद्मभूषणही मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात खानोलकर शोधिका नावाची इमारत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र मला ते अजून कुठं दिसले नाहीत.

यंदा पाचवीत गेलेल्या त्या मुलाला मी शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर बसवलं. चूळ भरून स्वच्छ काडीच्या बोथट टोकानं गालाच्या आतून हलकंच खरवडायचं, काचपट्टीवर पसरायचं, मिथिलीन ब्लूचा थेंब, वर झाकणकाच. आरसा खिडकीच्या उजेडाकडं, थेट उन्हाकडं कधीच नाही. वेड्यावाकड्या सपाट पेशी आणि मधोमध निळा ठिपका, त्याला लगेच दिसल्या. ही तीच ऊती. बराच वेळ बघून त्यानं मला विचारलं, की आजोबांच्या पेशी पण अशाच दिसतील का.

मी त्याला खरं ते सांगितलं. शाळेच्या काचपट्टीवर हे ठरत नाही. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड पहिल्यासारखं उघडत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवायचं, दुखत नसलं तरी. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि वर तारीख टाकली.